कोर्टात न भांडता घटस्फोट: आधी कागद, मग सह्या

प्रश्न थोडक्यात असा: लग्नाला ११ वर्षं झाली, मुलगी ८ वर्षांची. पुण्यात राहतो, दोघंही आयटीत. दीड वर्षापासून एकाच फ्लॅटमध्ये वेगळ्या खोल्यांत राहतोय. घटस्फोट घ्यायचा यावर एकमत आहे. फ्लॅट, त्यावरचं कर्ज, दागिने आणि मुलीचा ताबा यांवर नाही. अमेरिकेतल्या मावसबहिणीने 'कोलॅबरेटिव्ह डिव्होर्स' घेतला, कोर्टात एकदाही भांडण झालं नाही. इथल्या एका वकिलांनी मात्र मला सांगितलं, "आधी केस टाका, म्हणजे तो वठणीवर येईल." आपल्याकडे मावसबहिणीसारखं करता येतं का?

उत्तर:

करता येतं, आणि तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तुमच्यासाठी तोच मार्ग बरा, असं माझं मत आहे. कौटुंबिक न्यायालयात वकिली करताना मी वर्षानुवर्षं लढवलेले घटस्फोट पाहिले आणि मोजक्या बैठकींत मिटलेलेही पाहिले. फरक नवरा-बायकोच्या स्वभावामुळे पडतो, असं लोकांना वाटतं. माझ्या अनुभवात तो पडतो दुसऱ्याच गोष्टीने: वाटाघाटीला बसण्याआधी दोघांचे सगळे कागद दोघांनीही पाहिले होते की नाही. कागद न बघता दिलेली संमती टिकत नाही. आज टिकली तरी दोन वर्षांनी पोटगीचा किंवा ताब्याचा अर्ज होऊन ती परत कोर्टात येते.

आधी मावसबहिणीच्या पद्धतीबद्दल. १९९० मध्ये अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरातल्या स्टुअर्ट वेब या वकिलांनी ती सुरू केली. कौटुंबिक खटल्यांना ते इतके विटले होते की, यापुढे घटस्फोटासाठी कोर्टात उभाच राहणार नाही, फक्त समझोता घडवून देईन, असं त्यांनी जाहीर केलं. समझोता फिसकटला तर अशिलाने दुसरा वकील करायचा, वेब बाजूला होणार. हीच अट पुढे या पद्धतीचा कणा ठरली. २००९ मध्ये तिथे यासाठी एक नमुना कायदा तयार झाला आणि नंतर अनेक राज्यांनी तो स्वीकारला.

यात दोघांचे दोन स्वतंत्र वकील असतात आणि बैठकीला चौघं एकत्र बसतात. लागेल तसा एक तटस्थ आर्थिक सल्लागार आणि मुलांसाठी बालमानसतज्ज्ञ येतो. सुरुवातीलाच सगळे एका करारावर सही करतात: आर्थिक माहिती पूर्ण उघड करायची, बैठकीत बोललेलं कोर्टात वापरायचं नाही आणि बोलणी मोडली तर दोन्ही वकिलांनी प्रकरण सोडायचं. या शेवटच्या अटीने बैठकीची सगळी हवा बदलते. एरवीच्या वाटाघाटीत प्रत्येक वाक्याच्या मागे "नाहीतर कोर्टात बघून घेऊ" असतं, आणि कोर्टात गेल्यावर वकिलाचं काम वाढतंच. इथे बोलणी मोडली तर वकिलाचं काम जातं आणि अशिलाला नवा वकील, नवी फी, पहिल्यापासून सगळं सांगणं आलं. त्यामुळे चौघांनाही मिटवण्यातच रस राहतो. मध्यस्थीपेक्षा हे वेगळं आहे. मध्यस्थ कुणाच्याच बाजूचा नसतो. इथे तुमच्या शेजारी तुमचा स्वतःचा वकील असतो. जिने घरातला पैशांचा व्यवहार कधी पाहिलाच नाही अशा बाईसाठी हा फरक फार मोठा आहे.

आपल्याकडे असा कायदा नाही. पण परस्पर संमतीच्या घटस्फोटाची तरतूद हिंदू विवाह कायद्यात १९७६ पासून आहे, कलम १३-ब. विशेष विवाह कायद्यात कलम २८, ख्रिश्चनांसाठी १०-अ, पारशांसाठी ३२-ब, मुस्लिमांमध्ये मुबारात. म्हणजे शेवटचा दरवाजा आहेच. नाही ती दरवाजापर्यंत पोहोचायची नीट वाट, आणि ती आपण मावसबहिणीच्या पद्धतीवरून आखू शकतो. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यालाही तेच हवं आहे. शक्य तिथे समझोता घडवून आणण्याचा प्रयत्न करणं हे कलम ९ ने न्यायालयाचं कर्तव्यच ठरवलंय.

एक कायदेशीर बारकावा मात्र लक्षात ठेवा. "आम्ही कधीच कोर्टात जाणार नाही" असं नवरा-बायकोने एकमेकांना लिहून दिलं तर त्याला अर्थ नाही. कोर्टात जाण्याचा हक्क पुरता बंद करणारा करार भारतीय करार कायद्याच्या कलम २८ खाली रद्दबातल ठरतो, आणि तो तसा ठरायलाच हवा. वकील मात्र आपलं काम कुठवर आहे ते आधी ठरवू शकतो. म्हणून मी अशिलाशी वेगळं पत्र करतो: माझी नेमणूक समझोत्यापुरती आणि संमतीच्या अर्जापुरती आहे, वाद लढवायचा झाल्यास मी वकीलपत्र घेणार नाही. समोरचे वकीलही तसंच पत्र देतात. दोन पत्रांनी अमेरिकेतल्या त्या अटीचं काम बऱ्यापैकी होतं. बैठकीतलं बोलणं कोर्टात न वापरण्याचंही लेखी ठरवून घ्यायचं. पुरावा म्हणून वापरणार नाही या स्पष्ट अटीवर दिलेली कबुली दिवाणी प्रकरणात वापरता येत नाही, हे आपल्या पुरावा कायद्याचंही तत्त्व आहे.

दोघांत मिळून एकच वकील करू नका. संमतीच्या घटस्फोटात ही सर्रास चालणारी पद्धत आहे, पैसे वाचतात हेही खरं. पण फ्लॅट कुणाकडे, पोटगी किती, मुलगी कुणाकडे यावर एकच माणूस दोघांना प्रामाणिक सल्ला देऊ शकत नाही. फक्त अर्ज टाईप करायचा उरला असेल तर ठीक. तुमचं तसं नाही.

आता कागद. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रकरणांसाठी मालमत्ता आणि देण्यांच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना ठरवून दिला. उत्पन्न, बँक खाती, गुंतवणूक, विमा, कर्जं, दरमहाचा खर्च, अवलंबून असलेली माणसं, सगळं त्यात येतं. खटल्यात हे प्रतिज्ञापत्र लढाईच्या मध्यावर येतं, तेही पुष्कळदा अर्धवट. आम्ही तोच नमुना पहिल्या बैठकीच्या आधी दोघांकडून भरून घेतो, सोबत तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि सगळ्या खात्यांचे उतारे. कुणाला यात अविश्वास दिसतो. "अकरा वर्षं संसार केला, आता स्टेटमेंट दाखवू?" असं ऐकून घ्यावं लागतं. दाखवायची. माहितीत भोक राहिलं की समोरचा ते भीतीने भरतो, आणि भीतीपोटी केलेली मागणी नेहमी फुगलेली असते. फुगलेली मागणी आली की दुसरा चिडतो, आणि वकिलाने काही करायच्या आतच भांडण पेटलेलं असतं.

तुम्ही दोघं आयटीत आहात म्हणून मुद्दाम सांगतो: पगाराची स्लिप पुरेशी नाही. कंपनीने दिलेले शेअर, त्यातले हातात आलेले किती आणि पुढच्या वर्षांत यायचे किती, याचा उतारा स्वतंत्र मागा. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, क्रेडिट कार्डांची थकबाकी, भावाला किंवा आईवडिलांना दिलेले पैसे, हेही. आणि तुमच्या बाजूचं सगळं तुम्ही आधी द्या.

दागिन्यांची यादी हा भाग लोक उरकून टाकतात, आणि नेमका तिथेच गाडा अडतो. कोऱ्या कागदावर चार रकाने पाडा: काय, किती ग्रॅम, कुणी घातलं, आत्ता कुठे आहे. पाटल्या, तोडे, ठुशी, दोन मंगळसूत्रं, सासूबाईंनी बारशाला घातलेली मुलीची साखळी, सगळं एकेका ओळीत. लॉकर कुणाच्या नावावर आहे तेही लिहा. लग्नात माहेरून, सासरहून किंवा नातेवाइकांकडून बाईला मिळालेलं तिचं स्त्रीधन आहे. ते सासरी ठेवायला दिलं म्हणून सासरचं होत नाही. १९८५ च्या प्रतिभा राणी निकालाने हे ठाम केलंय. म्हणून स्त्रीधन वाटाघाटीत मोजायचंच नाही, ते आधी बाजूला काढायचं. "दागिने परत दिले, आता पोटगी कमी घे" हा हिशेब चुकीचा आहे, आणि मी समोरच्या बाजूने असलो तरी माझ्या अशिलाला हेच सांगतो. एका प्रकरणात सगळं ठरलं होतं आणि आजेसासूबाईंच्या एका मोहनमाळेवर बोलणी थांबली. दोघांपैकी कुणालाच तिच्या वजनात रस नव्हता. शेवटी माळ मुलीच्या नावाने लिहिली, ती अठरा वर्षांची होईपर्यंत आजीकडे राहील असं कलम घातलं, आणि उरलेला मसुदा त्याच संध्याकाळी पूर्ण झाला. कुठलंही कोर्ट असा हुकूम स्वतःहून देणार नाही, कारण त्याच्यासमोर असा प्रश्नच जात नाही.

फ्लॅटचं थोडं सविस्तर. नवरा-बायकोची मालमत्ता लग्नामुळे आपोआप अर्धी-अर्धी होते, असं मावसबहिणीकडून ऐकलं असेल तर ते इथे लागू नाही. भारतात साधारणपणे ज्याच्या नावावर त्याची मालमत्ता, मग पोटगीचा विचार वेगळा. अपवाद गोव्याचा, तिथल्या नागरी कायद्याखाली लग्न झालं असेल आणि वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्ता सामाईक धरतात. तुमचा फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर दोन गोष्टी वेगळ्या पाहा: मालकी कुणाकडे जाणार आणि कर्ज कोण फेडणार. संमतीच्या अटींत "पुढचे हप्ते नवरा भरेल" असं लिहिलं म्हणून बँकेला तुमचा पिच्छा सोडावा लागत नाही. तुम्ही सहकर्जदार आहात तोवर हप्ता चुकला की तुमच्या सिबिलवर येणार. म्हणून मसुदा पक्का होण्याआधीच बँकेकडे जाऊन विचारायचं की कर्ज एकट्याच्या नावावर करून द्याल का, त्याच्या किंवा तुमच्या एकटीच्या पगारावर ते बसतं का. बसत नसेल तर फ्लॅट विकून कर्ज फेडून उरलेली रक्कम वाटणं हाच व्यवहारी मार्ग, मनाला कितीही लागलं तरी.

हिस्सा कसा फिरवायचा ते तारखांवरही अवलंबून असतं. महाराष्ट्रात नवरा-बायकोने एकमेकांना राहतं घर मोबदल्याशिवाय बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं. पण हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा अंतिम आदेश, झाल्यावर तुम्ही नवरा-बायको राहत नाही. पैसे देऊन हिस्सा घेतला तर तो मोबदला झाला आणि शुल्काचा हिशेब वेगळा. तिथे कागदावर 'बक्षीस' लिहून पैसे बाजूने देण्याच्या फंदात पडू नका. कुठला दस्त करायचा आणि तो कोर्टात दुसऱ्यांदा हजर राहायच्या तारखेच्या किती आधी नोंदवायचा हे वकील आणि सीए दोघांना एकत्र बसवून ठरवा. कराचंही तिथेच विचारून घ्या. एकरकमी पोटगी आणि दरमहाची पोटगी यांना आयकर सारखा लागत नाही. दरमहा मिळणारी रक्कम उत्पन्न धरली जाते, एकरकमी भांडवली.

मुलीबद्दल. कोर्टात प्रश्न असा मांडला जातो: ताबा कुणाला आणि भेटीचा हक्क कुणाला. असा मांडला की एक जिंकतो आणि दुसरा पाहुणा होतो. बैठकीत आम्ही 'ताबा' हा विषय पहिल्या दिवशी काढतच नाही. मोठं कॅलेंडर टेबलावर ठेवतो आणि दोघांना वेगवेगळ्या रंगाचं पेन देतो. आधी शाळेचा आठवडा: सकाळी बसपर्यंत कोण सोडतं, ताप आला तर सुट्टी कोण काढतं, पालकसभेला कोण जातं. मग सण. गणपतीचे दिवस वडिलांच्या घरी असतात तर गौरीजेवणाला ती कुठे? दिवाळीत पाडवा एकीकडे आणि भाऊबीज दुसरीकडे चालेल का? उन्हाळ्याची सुट्टी सलग अर्धी-अर्धी, की पंधरा-पंधरा दिवस? आजीआजोबांची भेट कधी? कॅलेंडर भरत गेलं की दोघांना दिसतं, मुलीच्या आयुष्यात दुसऱ्याचा वाटा किती आहे. ज्या बापाने "मला फक्त शनिवार-रविवार हवा" असं सुरुवातीला म्हटलेलं असतं त्याला बुधवारचा पोहण्याचा क्लासही आपणच सांभाळतो हे आठवतं. ज्या आईला सगळे दिवस हवे असतात तिला महिन्याच्या शेवटचे कामाचे दिवस आपल्याला जमत नाहीत हे कबूल करता येतं, आणि त्यात तिची आई म्हणून हार होत नाही.

यातून निघालेलं सगळं अटींत लिहायचं. मुलगी लहान वाटते, पण पासपोर्ट, परदेशी सहल, शाळा बदलणं, शस्त्रक्रिया, दुसऱ्या शहरात बदली या प्रत्येकावर एक ओळ हवी. शिक्षणाचा खर्च दरवर्षी वाढतो म्हणून नुसता आकडा न लिहिता वाढ कशी धरायची तेही लिहा. दोन गोष्टी आईवडिलांच्या हातात नाहीत, त्या समजून घ्या. पहिली, मुलीच्या पालनपोषणाचा हक्क तिचा स्वतःचा आहे. तुम्ही तुमची पोटगी सोडू शकता, तिची सोडून देऊ शकत नाही. दुसरी, ताब्याचा कुठलाही हुकूम कायमचा नसतो. मुलीच्या हितासाठी परिस्थिती बदलेल तसा तो बदलता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगितलंय. म्हणून ती १२ वर्षांची आणि मग १५ वर्षांची झाली की दोघांनी बसून कॅलेंडर पुन्हा पाहायचं, असं कलम घालावं. मुलीला कुणाकडे राहायचं ते विचारू नका. कॅलेंडर ठरल्यावर दोघांनी एकत्र बसून तिला सांगा, शक्यतो परीक्षेच्या दिवसांत नको.

हे सगळं ठरलं की मग कोर्ट. १३-ब साठी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. एकाच छपराखाली असलात तरी नवरा-बायको म्हणून राहत नसाल तर ते वेगळं राहणं धरता येतं, हे १९९१ च्या सुरेष्टा देवी निकालात आहे. अर्जात ती तारीख स्पष्ट लिहा, कारण समुपदेशक आणि न्यायाधीश दोघंही विचारतील. पहिल्या अर्जानंतर कायद्याने ६ महिने थांबायचं आणि १८ महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा हजर राहून संमती कायम असल्याचं सांगायचं. २०१७ च्या अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर निकालाने हे ६ महिने माफ करता येतात. त्यासाठी वेगळं राहून एकूण दीड वर्ष आधीच झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत आणि पोटगी, ताबा, बाकी देणीघेणी यांचा खरोखर निकाल लागलेला असावा. तुमचं दीड वर्ष झालंय. सगळं आधी मिटवून गेलात तर माफीचा अर्ज भक्कम होतो, आणि अर्धवट मिटवून गेलात तर हेच ६ महिने भांडणात जातात.

हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून पैसा आणि सह्या टप्प्याटप्प्याने बांधायच्या: काही रक्कम पहिल्या अर्जाच्या वेळी, उरलेली डिमांड ड्राफ्टने दुसऱ्या तारखेला न्यायाधीशांसमोर. दागिने शक्य तितके आधी, यादीवर पोच घेऊन. एकमेकांवर काही तक्रारी दाखल असतील तर त्या कधी आणि कुणी मागे घ्यायच्या हेही अटींत येतं. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही. दोघांनी मनापासून सह्या केल्या असतील तर हा मोठा दिलासा. कागद न वाचता केल्या असतील तर मोठा धोका. कोर्टाचा समुपदेशक दोघांना वेगवेगळं बोलावून विचारतो, "कुणाचा दबाव आहे का?" त्याला औपचारिकता समजू नका. शंका असेल तर तिथेच बोला.

आता "आधी केस टाका" या सल्ल्याबद्दल, आणि इथे मला दोन्ही बाजूंनी ठाम बोलायचं आहे. तुम्हाला मारहाण झाली असेल, धमक्या मिळत असतील, घरखर्चाचे पैसे अडवले जात असतील, फोन आणि पगार कुणीतरी ताब्यात ठेवत असेल, तर ही पद्धत तुमच्यासाठी नाही. घाबरलेला माणूस टेबलावर बसून समान वाटाघाट करू शकत नाही, शेजारी कितीही चांगला वकील असो. तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत. आधी सुरक्षितता आणि राहायची जागा, बाकी नंतर. समोरचा कागद दाखवायलाच तयार नसेल, मालमत्ता नातेवाइकांच्या नावे सरकवत असेल, किंवा त्याला मुळात घटस्फोटच नको असेल, तरीही वेळ न घालवता कोर्टात जा. कोर्ट सक्तीने कागद मागवू शकतं, बैठक ते करू शकत नाही.

पण हिंसा घडली नसताना दबावासाठी म्हणून फौजदारी तक्रार करायची, हा सल्ला तुमचंच नुकसान करेल. विवाहितेच्या छळाचं पूर्वीचं कलम ४९८-अ, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, आपसात मिटवून परत घेता येत नाही. समझोता झाला तरी गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं. त्यात सासू-सासऱ्यांची नावं घातली की मुलीचे आजीआजोबा आरोपी होतात, आणि ते कॅलेंडर कोरंच राहतं. खोट्या तक्रारीमुळे खरोखर मार खाणाऱ्या बायकांच्या तक्रारींकडेही लोक संशयाने पाहतात, याचा मला फार राग येतो.

नातेवाइकांच्या बैठकीचाही उल्लेख करतो, कारण ती आपल्या घरांत होतेच. काका, मामा, भावजी जमतात, मोठ्यांचा मान राखायचा म्हणून दोघं मान डोलावतात आणि आठ दिवसांनी कुणालाच ते पटलेलं नसतं. मोठी माणसं सोबत असावीत, पण बैठकीच्या खोलीबाहेर. गावाकडे किंवा शहरातही स्टॅम्पपेपरवर 'काडीमोड' लिहून नोटरी केली की घटस्फोट झाला असं मानणारे आजही माझ्याकडे येतात, कधी दुसरं लग्न करून मग येतात. समाजात पूर्वापार चालत आलेली आणि कोर्टात सिद्ध करता येणारी रूढी असल्याशिवाय त्या कागदाने लग्न मोडत नाही. कितीही सामंजस्याने मिटवलंत तरी शेवटी कौटुंबिक न्यायालयाचा हुकूमनामा लागतोच.

मावसबहिणीसाठी एक सूचना, तिचं लग्न इथे हिंदू विवाह कायद्याखाली झालं असेल तर. परदेशी कोर्टाचा घटस्फोट भारतात मान्य होण्यासाठी १९९१ च्या नरसिंह राव निकालानुसार, आपल्या विवाह कायद्यातल्या कारणावर तो मिळालेला असावा आणि दोघांनी त्या कोर्टाचा अधिकार स्वेच्छेने मानलेला असावा, असं पाहिलं जातं. दोघांच्या संमतीने झाला असेल तर अडचण सहसा येत नाही, पण संमतीचे सगळे कागद जपून ठेवायला सांगा. इकडे तिची किंवा नवऱ्याची मालमत्ता असेल तर एकदा इथल्या वकिलालाही दाखवावेत.

खर्चाची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याने कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो, आणि केस दाखल होण्याआधीच्या मध्यस्थीची सोयही तिथे असते. चौघांच्या बैठका परवडत नसतील तर कागदांची अदलाबदल आणि कॅलेंडर हे दोन भाग घरी करून मग मध्यस्थाकडे जाता येतं.

वकील निवडताना त्यांना थेट विचारा: बोलणी फिसकटली तर तुम्ही प्रकरण सोडाल, असं लेखी द्याल का? समोरच्या वकिलांबरोबर एका टेबलाशी बसायची तयारी आहे का? मुलीचं वेळापत्रक ठरवायला किती वेळ द्याल? फी बैठकीप्रमाणे की एकूण? नवऱ्यालाही हेच प्रश्न त्याच्या वकिलांना विचारायला सांगा. आणि त्याला नोटीस पाठवण्याआधी स्वतः एक साधा निरोप लिहा. माझ्या अशिलांना मी सुचवतो तो असा: "आपल्याला वेगळं व्हायचंय यावर आपलं एकमत आहे. येत्या महिन्यात आपण दोघं आपापले सगळे आर्थिक कागद एकमेकांना देऊ या. माझे मी रविवारी देते. तोपर्यंत फ्लॅट, खाती आणि लॉकर यांत दोघांपैकी कुणीही बदल करायचा नाही. मुलीशी यावर बोलायचं ते दोघांनी मिळून." या निरोपाला काय उत्तर येतं त्यावरून पुढचा मार्ग बैठकीचा की कोर्टाचा, हे तुमच्या वकिलांना लगेच सांगता येईल.